मराठी प्रश्नसंग्रहासाठी स्वतःच्या याद्या घडवणे: लाटेकमधील एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची पार्श्वभूमी

इयत्ता दहावीच्या भूमितीचा एक मराठी प्रश्नसंग्रह लाटेकमध्ये, म्हणजे कमांड लिहून पाने जुळवणाऱ्या संगणक प्रणालीत, जुळवून छपाईसाठी तयार करायचा होता. मजकूर चार शिक्षकांनी लिहिला होता आणि चौघांनाही लाटेकची सवय होती, त्यामुळे गणिती सूत्रांबाबत फारशी अडचण नव्हती. अडचण होती ती याद्यांची. प्रश्नसंग्रह हे मुळात याद्यांचेच पुस्तक असते. त्यात प्रश्नांची यादी असते, तिच्या पोटात कुठे उपप्रश्नांची, तर कुठे पर्यायांची यादी असते, आणि शेवटी या सगळ्यांचा क्रमांकांनी हवाला देणारी उत्तरसूची येते. एक क्रमांक चुकला, तर उत्तर बरोबर असूनही विद्यार्थ्याला ते चुकीच्या प्रश्नापुढे वाचावे लागते, आणि शिकणाऱ्या मुलाचे यापेक्षा मोठे नुकसान छापील पुस्तक क्वचितच करू शकते.

हाती आलेल्या चार प्रकरणांत क्रमांक देण्याच्या चार रीती होत्या. पहिल्यात लाटेकचे एन्युमरेट हे क्रमांकित यादीचे मूळ एन्व्हायर्नमेंट (सुरुवात आणि शेवट सांगून वेगळा केलेला मजकुराचा भाग) जसेच्या तसे वापरले होते, त्यामुळे प्रश्नांना आंतरराष्ट्रीय अंक आणि उपप्रश्नांना कंसातली इंग्रजी अक्षरे मिळत होती. दुसऱ्यात यादी एन्युमरेटचीच होती, पण प्रत्येक आयटमच्या (यादीतल्या एकेका नोंदीच्या) चौकटी कंसात (अ), (आ), (इ) अशी लेबले हाताने लिहिली होती. तिसऱ्यात यादीच नव्हती. क्रमांक मजकुरात टंकून प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ तोडण्याची कमांड दिली होती. चौथ्या प्रकरणात यादी होती, परंतु आयटमांमधील अंतर आवडले नाही म्हणून जागोजागी उभे अंतर कमी-जास्त करणाऱ्या कमांड पेरल्या होत्या.

यांपैकी दुसरी रीत सर्वांत निरुपद्रवी वाटते, पण सर्वांत जास्त नुकसान तिनेच केले. आयटमला चौकटी कंसात स्वतःचे लेबल दिले की लाटेक त्या आयटमसाठी काउंटर, म्हणजे क्रमांक मोजणारी नोंद, पुढे सरकवत नाही. पानावर (आ) दिसतो, परंतु लाटेकच्या दृष्टीने त्या ठिकाणी काही मोजलेच गेलेले नसते. अशा आयटमपुढे संदर्भासाठी खूण ठेवली, तर ती शेवटच्या खऱ्या मोजलेल्या गोष्टीला, म्हणजे बाहेरच्या प्रश्नाला, चिकटते. त्यामुळे उत्तरसूचीत "३ (आ)" यायला हवे तिथे नुसते "३" येत होते, आणि ते चूक आहे हे सांगणारी एकही सूचना पडद्यावर उमटत नव्हती.

मूळ यंत्रणा कशी चालते

डोनल्ड नूथ यांची टेक ही मजकूर जुळवणारी प्रणाली १९७८ मध्ये प्रथम वापरात आली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेक उभे केले, आणि आज सर्वत्र वापरली जाणारी लाटेक टू-ई ही आवृत्ती १९९४ ची आहे. लॅम्पोर्ट यांच्या रचनेचा गाभा असा, की लेखकाने एखादी गोष्ट काय आहे एवढेच सांगावे आणि ती कशी दिसेल हे व्याख्येने ठरवावे. या प्रकरणात आम्हाला जे करायचे होते ते याच तत्त्वाला धरून होते, म्हणून आधी मूळ यंत्रणा नीट समजून घेणे भाग होते.

एन्युमरेट (क्रमांकांची), आयटमाइझ (ठिपक्यांची) आणि डिस्क्रिप्शन (शब्द व वर्णनांची) या तिन्ही याद्या एकाच पायाभूत लिस्ट एन्व्हायर्नमेंटवर उभ्या आहेत. इतकेच नव्हे, तर उद्धृताचे आणि कवितेचे एन्व्हायर्नमेंटसुद्धा आतून लिस्टच असते. लिस्टला दोन गोष्टी द्याव्या लागतात: लेबल दिले नसेल तेव्हा वापरायचे लेबल, आणि अंतरांसंबंधीच्या घोषणा.

आडव्या दिशेने चार मोजमापे महत्त्वाची आहेत. लेफ्टमार्जिन म्हणजे बाहेरच्या मजकुराच्या डाव्या समासापासून यादीतला मजकूर किती आत सरकतो ते अंतर. लेबलविड्थ ही लेबलाच्या पेटीची रुंदी, लेबलसेप ही त्या पेटीच्या उजव्या कडेपासून मजकुरापर्यंतची मोकळी जागा, आणि आयटमइंडेंट ही आयटमच्या पहिल्या ओळीची जादा सरक. लेबलाची पेटी मजकुराच्या बाजूने मोजली जाते, डाव्या समासाच्या बाजूने नव्हे. शिवाय एन्युमरेटमध्ये लेबल पेटीपेक्षा रुंद झाले, तर ते डावीकडे बाहेर झुकते. लांब क्रमांक समासात घुसलेले दिसतात त्याचे कारण हेच, आणि आमच्याकडे तर क्रमांकापूर्वी "प्र." हेही यायचे होते.

उभ्या दिशेचे गणित वेगळे आहे. दोन आयटमांमधील अंतर म्हणजे आयटमसेप आणि पार्सेप यांची बेरीज, तर यादीच्या वर-खाली टॉपसेप येते, आणि यादीपूर्वी मूळ मजकुरात रिकामी ओळ सोडली असेल तर त्यात पारटॉपसेपची भर पडते. १० पॉइंटांच्या (पॉइंट हे छपाईतले लहान माप) आर्टिकल वर्गात, म्हणजे लेखासाठीच्या तयार मांडणीत, पहिल्या पातळीवर टॉपसेप ८ पॉइंट, तर आयटमसेप आणि पार्सेप प्रत्येकी ४ पॉइंट असतात, आणि तिन्हींना थोडे ताणण्या-आकसण्याची मुभा असते. चौथ्या शिक्षकांच्या पेरलेल्या अंतरांमागचे कोडे इथे उलगडले: ते आयटमसेप शून्य करत होते, पण पार्सेप तसेच राहत असल्यामुळे अंतर निम्म्यावरच थांबत होते, आणि उरलेले ते हाताने उणे अंतर देऊन खेचत होते.

पातळ्यांचीही मर्यादा आहे. एन्युमरेट चार पातळ्यांपर्यंत एकमेकांत घालता येते, आणि सर्व प्रकारच्या याद्या मिळून सहा पातळ्या चालतात. प्रत्येक पातळीचा काउंटर वेगळा आणि लेबलाची कमांडही वेगळी असते.

पहिला मार्ग आणि तो का सोडला

सर्वांत साधा मार्ग म्हणजे न्यूएन्व्हायर्नमेंट या कमांडने प्रश्नमाला नावाचे एन्व्हायर्नमेंट तयार करायचे, त्याच्या सुरुवातीला पहिल्या पातळीच्या लेबलाची व्याख्या बदलायची आणि लगेच एन्युमरेट सुरू करायचे. ही बदललेली व्याख्या एन्व्हायर्नमेंट संपताच आपोआप विरते, त्यामुळे बाकीच्या पुस्तकावर तिचा परिणाम होत नाही. लहान कामासाठी हा मार्ग पुरेसा आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही.

आमच्या मजकुरात मात्र तो टिकला नाही, कारण लेबल पातळीला बांधलेले होते, यादीच्या प्रकाराला नव्हे. काही ठिकाणी प्रश्नमाला ही सूचनांच्या एका बाहेरच्या एन्युमरेट यादीत येत होती. तिथे ती लाटेकच्या हिशेबाने दुसऱ्या पातळीवर जात असे, आपण बदललेले पहिल्या पातळीचे लेबल दुर्लक्षित होई आणि "प्र. ४" ऐवजी कंसातले इंग्रजी अक्षर परत उगवे. प्रश्न हा प्रश्नच आहे, तो कुठेही येवो. त्याचा क्रमांक आजूबाजूच्या यादीवर अवलंबून असता कामा नये.

दुसरी उणीव तुलनेने लहान होती. न्यूएन्व्हायर्नमेंटला दिलेला घटक फक्त सुरुवातीच्या भागात वापरता येतो, शेवटच्या भागात नाही. विभागाचे एकूण गुण सुरुवातीला देऊन शेवटी छापायचे असतील, तर ते मध्येच कुठेतरी साठवून ठेवावे लागतात. २०२० च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून लाटेकच्या गाभ्यातच आलेल्या न्यूडॉक्युमेंटएन्व्हायर्नमेंट या कमांडने ही अडचण सुटते, पण पातळीचा प्रश्न तिनेही सुटत नाही.

याद्या भूमिकेनुसार

यानंतर आम्ही हाविएर बेझोस यांचे एन्युमआयटेम हे पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची तयार पुरवणी, वापरायचे ठरवले. त्यातील न्यूलिस्ट ही कमांड नवी यादी केवळ नव्या नावाने नव्हे, तर स्वतःच्या काउंटरांसह निर्माण करते. तिला तीन गोष्टी द्यायच्या असतात: यादीचे नाव, तिचा प्रकार आणि तिची कमाल खोली. नंतर सेटलिस्ट या कमांडने त्या नावाच्या यादीचे लेबल, अंतरे आणि संदर्भाचे रूप एकाच जागी लिहायचे. काउंटर यादीचा स्वतःचा असल्यामुळे ती दुसऱ्या कोणत्याही यादीत गेली तरी तिचे लेबल ढळत नाही.

व्याख्या लिहिण्यापूर्वी चारही प्रकरणे वाचून कोणकोणत्या भूमिकांच्या याद्या आहेत हे कागदावर उतरवले. प्रश्न, उपप्रश्न, पर्याय, सिद्धतेतील पायऱ्या आणि विभागारंभीच्या सूचना अशा पाच भूमिका निघाल्या. सूचनांना क्रमांकाची गरज नव्हती, म्हणून त्यांची यादी आयटमाइझच्या प्रकारची केली. बाकीच्या चार एन्युमरेटच्या प्रकारच्या. दोन याद्या आज सारख्या दिसत असल्या तरी त्यांची कामे वेगळी असतील, तर त्या वेगळ्या नावांनीच घडवायच्या, हा नियम आम्ही पाळला. सिद्धतेच्या पायऱ्या आणि प्रश्न दोन्ही देवनागरी अंकांनीच मोजले जाणार होते, पण उद्या पायऱ्यांचे अंक कंसात हवे झाले तर प्रश्नांना धक्का लागू नये.

उपप्रश्न ही प्रश्नमालेची दुसरी पातळी मानावी की स्वतंत्र यादी, यावर बराच विचार झाला. दुसरी पातळी मानल्यास लेखकाला प्रश्नमालेच्या आत पुन्हा प्रश्नमाला उघडावी लागते, आणि कोणती कुठे बंद होते हे मूळ मजकुरात वाचताना कळत नाही. स्वतंत्र यादी केल्यास संदर्भाचे रूप हाताने जुळवावे लागते, पण मजकूर स्वतःच बोलतो. आम्ही स्वतंत्र यादी निवडली आणि प्रत्येक यादीची कमाल खोली एकच ठेवली. या मर्यादेचा एक अनपेक्षित लाभ झाला: कुणी चुकून एक यादी बंद न करता तीच पुन्हा उघडली, तर खोली ओलांडल्याची चूक लगेच दाखवली जाते, आणि चुकीची पाने शांतपणे छापली जात नाहीत.

एन्व्हायर्नमेंटची नावे देवनागरीत ठेवता आली ती झीलाटेकमुळे, म्हणजे झीटेक या इंजिनावर चालणाऱ्या लाटेकमुळे. जोनाथन क्यू यांचे झीटेक हे इंजिन २००४ मध्ये आले आणि युनिकोड मजकूर थेट स्वीकारणे हा त्याचा पायाच आहे. एन्व्हायर्नमेंटचे नाव आतल्या आत केवळ वर्णांची मालिका म्हणून ओळखले जात असल्याने त्यात काने, मात्रा आणि जोडाक्षरे असली तरी चालते. शिक्षकांना प्रश्नमाला, उपप्रश्न, पर्याय असे लिहिता आले आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

एक नाव मात्र बदलावे लागले. सिद्धतेच्या यादीला आम्ही आरंभी "पायऱ्या" म्हटले होते. यातील ऱ्या दोन प्रकारांनी टंकला जातो: ऱ या स्वतंत्र वर्णापासून, किंवा साध्या र ला हलंत आणि न दिसणारा जोडकाम करणारा वर्ण लावून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, परंतु लाटेक वर्णांच्या संकेतांकांची तुलना करते. त्यामुळे एका शिक्षकांच्या संगणकावर तयार झालेल्या मजकुरात "असे एन्व्हायर्नमेंट नाही" अशी चूक येत असे, आणि डोळ्यांनी कितीही ताडून पाहिले तरी फरक सापडत नसे. यादीचे नाव "सिद्धता" केल्यावर हा प्रश्न उरला नाही. मराठी नावे देणाऱ्या प्रत्येकाने ऱ असलेले शब्द नावांतून टाळावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

देवनागरी अंक आणि अक्षरे

या प्रकरणातील सर्वांत कसदार भाग काउंटरांचा आहे. लाटेकला काउंटर अंकांत, रोमन अंकांत किंवा इंग्रजी अक्षरांत कसा छापायचा ते ठाऊक असते. देवनागरी अंकांसाठी बाबेल आणि पॉलिग्लॉसिया ही भाषांची पॅकेजे सोय देतात. बाबेलमध्ये तर असा पर्याय आहे, की तो निवडताच अंक छापणारी मूळ ॲरेबिक ही कमांडच देवनागरी अंक देऊ लागते. तो पर्याय आम्ही घेतला नाही. अनेक पॅकेजे ती कमांड पानावर छापण्यासाठी नव्हे, तर आतल्या खुणा तयार करण्यासाठी वापरतात, आणि त्यांची अपेक्षा आंतरराष्ट्रीय अंकांचीच असते. शिवाय भूमितीच्या आकृत्यांवरील मापे आणि सूत्रांतील संख्या आम्हाला आंतरराष्ट्रीय अंकांतच ठेवायच्या होत्या. म्हणून मूळ कमांडला हात न लावता देवनागरी अंकांची वेगळी कमांड लिहिली.

ती लिहिताना एक अट पाळावीच लागते. लाटेक क्रमांक छापते, तसेच संदर्भासाठी तो साठवूनही ठेवते, आणि साठवताना कमांडचा पूर्ण उलगडा होऊन शेवटचे रूपच उरावे अशी तिची अपेक्षा असते. संख्येचा एकेक अंक घेऊन वळसे घालणारी, मध्ये तात्पुरत्या नोंदी ठेवणारी कमांड पानावर बिनचूक चालते, पण साठवणीच्या वेळी कोलमडते, कारण त्या क्षणी टेक नोंदी करत नाही. ते केवळ एका रूपाच्या जागी दुसरे रूप ठेवत जाते. त्यामुळे कमांड निव्वळ आदेशाच्या जागी आदेश ठेवणारी असावी लागते: संख्येचा पहिला अंक घ्यावा, तो शून्य ते नऊपैकी कोणता ते पाहून त्याच्या जागी देवनागरी अंक ठेवावा, आणि शेवटची खूण येईपर्यंत उरलेल्या अंकांवर तीच कमांड पुन्हा लावावी. स्वतःच्या यादीत क्रमांक बरोबर दिसतो पण संदर्भ दिला की चूक येते, अशी तक्रार असेल, तर दहापैकी बहुतेक वेळा कारण इथेच सापडते.

अक्षरांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मराठीत उपघटकांना क्रम देण्याच्या दोन रूढ मालिका आहेत: अ, आ, इ, ई ही स्वरांची, आणि अ, ब, क, ड ही इंग्रजीच्या अक्षरांना समांतर असलेली. चार शिक्षकांपैकी दोघे एक आणि दोघे दुसरी वापरत होते. दोन्हींना वाचकांची ओळख आहे, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरी चूक असा निवाडा करण्यात अर्थ नव्हता. आम्ही उपप्रश्नांना स्वरमालिका दिली आणि पर्यायांना अ, ब, क, ड, कारण पर्याय नेहमी चारच असतात आणि ही मालिका चारांपुरतीच कानाला रुळलेली आहे. दोन्ही ठिकाणी अ येत असला तरी प्रश्नात पर्याय आणि उपप्रश्न एकत्र येत नसल्याने घोटाळ्याला वाव नव्हता.

स्वरमालिका कुठे थांबवायची, हे ठरवणे आवश्यक होते. ऊ नंतर ऋ घ्यायचा की थेट ए, यावर लेखनात एकवाक्यता नाही. आमच्या संग्रहात सहांपेक्षा जास्त उपप्रश्न नसावेत असा संपादकीय निर्णय झाला, म्हणून मालिका अ ते ऊ इथेच संपवली. त्यापुढचा आकडा आला तर काय करायचे हेही व्याख्येत लिहावे लागते, नाहीतर लाटेक काहीच न छापता रिकामा कंस ठेवून पुढे जाते. काउंटर मर्यादेबाहेर गेल्याची लाटेकची जी मूळ चूक आहे, तीच आम्ही सातव्या उपप्रश्नाला दिली. संपादकीय नियम अशा रीतीने व्याख्येतच बसला आणि मुद्रितशोधकाला तो मोजत बसावे लागले नाही.

एन्युमआयटेमला या नव्या कमांडची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठीच्या ॲडएन्युमरेटकाउंटर या कमांडला उघड वापरायची कमांड, तिचे आतले रूप आणि त्या मालिकेतील सर्वांत रुंद लेबल अशा तीन गोष्टी द्यायच्या असतात. ही ओळख करून दिली नाही, तर लेबलात काउंटरच्या जागी तारका लिहिण्याची सोय नव्या कमांडसाठी चालत नाही.

रुंदी, अंतरे आणि पानाचा तोड

वरचा तिसरा घटक, म्हणजे सर्वांत रुंद लेबल, अनेकजण घाईने काहीतरी भरून सोडून देतात. देवनागरीत तो महत्त्वाचा आहे. (अ) आणि (आ) यांच्या रुंदीत डोळ्यांना जाणवेल इतका फरक असतो, आणि टंकातले देवनागरी अंक सारख्या रुंदीचे असतीलच असे नाही. लेफ्टमार्जिनला तारका दिली की एन्युमआयटेम लेबलाच्या रुंदीवरून समास स्वतः काढते, परंतु ते नमुना म्हणून मालिकेचे ठरवून दिलेले रुंद लेबलच धरते. प्रश्नांसाठी आम्ही दोन अंकी क्रमांकाचा नमुना दिला, म्हणजे पहिल्या प्रश्नापासून चाळिसाव्या प्रश्नापर्यंत मजकुराची डावी कड एका रेषेत राहिली. लेबल पेटीत डावीकडे चिकटवले, कारण "प्र." हा भाग एकाखाली एक आलेला वाचकाच्या नजरेला सोयीचा पडतो.

उभ्या अंतरांसाठी मूळ पॉइंटांतील मोजमापे टाकून दिली. वेलांट्या आणि रफार ओळीच्या वर, उकार आणि जोडाक्षरे ओळीच्या खाली जात असल्याने देवनागरी मजकुराला ओळींमध्ये जास्त जागा द्यावी लागते, आणि ती आम्ही दिली होती. यादीची अंतरे मात्र पॉइंटांत ठरलेली असल्यामुळे तशीच राहिली, आणि दोन प्रश्नांमधील अंतर प्रश्नातल्या दोन ओळींमधील अंतराच्या तुलनेत तोकडे दिसू लागले. मोजमापे ओळीच्या उंचीच्या पटीत लिहिल्यावर हे प्रमाण सावरले: दोन प्रश्नांत अर्धी ओळ, दोन उपप्रश्नांत पाव ओळ आणि सिद्धतेच्या पायऱ्यांत काहीच जादा नाही.

पानाच्या तोडाविषयीची माहिती मला या साऱ्या कामात सर्वांत उपयोगी वाटली. लाटेक यादी सुरू होण्यापूर्वी पान तोडायला स्वतःहून उत्तेजन देते. त्यासाठी मूळ वर्गांत उणे ५१ इतका दंडांक (तिथे तोड किती नकोशी ते सांगणारा आकडा) ठेवलेला असतो, आणि दंडांक उणे असणे म्हणजे तिथे तोड पसंत असणे. साध्या गद्यात हे योग्यच आहे. प्रश्नसंग्रहात मात्र त्याचा अर्थ असा होतो, की प्रश्नाचे विधान पानाच्या तळाशी राहते आणि त्याचे उपप्रश्न पान उलटल्यावर सुरू होतात. एन्युमआयटेममध्ये यादीच्या आरंभीचा, मधला आणि शेवटचा दंडांक वेगवेगळा देता येतो. उपप्रश्न आणि पर्याय या याद्यांचा आरंभीचा दंडांक आम्ही १०,००० केला, म्हणजे तिथे तोड निषिद्ध झाली. दोन प्रश्नांमध्ये मात्र तोडीला मोकळीक ठेवली, नाहीतर पाने भरताना टेकला वळायला जागाच उरत नाही.

पर्याय एका ओळीत

चार पर्याय कधी "३० अंश, ४५ अंश" असे आखूड असतात, तर कधी प्रत्येक पर्याय हे पूर्ण वाक्य असते. लांब पर्यायांना एकाखाली एक यादी योग्य, पण आखूड पर्याय तसेच ठेवले तर पान विनाकारण लांबते. एन्युमआयटेममध्ये परिच्छेदाच्या ओघात चालणाऱ्या याद्याही घडवता येतात, परंतु त्यांत पर्याय रकान्यांत बसत नाहीत, आणि एकापाठोपाठच्या प्रश्नांत पर्यायांच्या जागा पुढेमागे होतात. म्हणून आखूड पर्यायांसाठी क्लेमेन्स नीडरबर्गर यांचे टास्क्स हे पॅकेज घेतले. ते आयटम आडव्या क्रमाने रकान्यांत मांडते, रकाने किती ते वापरतानाच सांगता येते, आणि त्याच्यातही स्वतःच्या नावाचे एन्व्हायर्नमेंट घडवता येते. लेबलासाठी तीच अ, ब, क, ड ची कमांड दिल्याने वाचकाला दोन यंत्रणांतला फरक कुठेही जाणवत नाही. आयटमऐवजी टास्क ही कमांड लिहावी लागते, एवढे शिक्षकांना लक्षात ठेवावे लागले.

संदर्भ, सलगता आणि गुण

उपप्रश्नाच्या संदर्भात प्रश्नाचा क्रमांकही यायला हवा. एन्युमरेटच्या मूळ पातळ्यांत अशी जोडणी लाटेक स्वतः करते, परंतु स्वतंत्र काउंटरांच्या याद्यांत ती एन्युमआयटेमच्या रेफ या किल्लीने, म्हणजे नाव देऊन ठरवायच्या मूल्याने, सांगावी लागते: आधी प्रश्नाचा देवनागरी अंक, मग ओळ न तुटू देणारी जागा, मग कंसातले अक्षर. लेबलात "प्र." आहे म्हणून तो संदर्भात घेतला नाही.

संदर्भाआधी "प्रश्न" हा शब्द आपोआप घालणारे क्लेव्हरेफ हे पॅकेज आम्ही तपासले आणि बाजूला ठेवले. मराठीत "प्रश्न ३ (आ) मधील त्रिकोण" असेही लिहितात आणि "वरील प्रश्नाच्या, म्हणजे ३ (आ) च्या, उत्तरात" असेही लिहितात. नामाचे सामान्यरूप वाक्य ठरवते, त्यामुळे ते लेखकाच्या हाती ठेवणेच चांगले.

प्रश्नांचे क्रमांक विभागामागून विभाग सलग चालायचे होते, जरी मध्ये "खालीलपैकी कोणतेही दोन प्रश्न सोडवा" अशी सूचना येऊन यादी बंद होत असली तरी. रिझ्यूम ही किल्ली दिली की त्याच नावाची यादी मागच्या क्रमांकापासून पुढे चालते. प्रकरणाच्या पहिल्या यादीला ती किल्ली द्यायची नाही, आणि पुढच्या सर्वांना द्यायची, एवढाच संकेत ठरवला.

प्रत्येक प्रश्नाचे गुण उजव्या समासाला चौकटी कंसात हवे होते. नुसते ताणले जाणारे अंतर दिले, तर शेवटची ओळ भरलेली असताना गुण पुढच्या ओळीत डावीकडे जाऊन पडतात. नूथ यांनी परिच्छेदाच्या शेवटी सही उजवीकडे बसवण्यासाठी एक रचना दिली आहे, जीत दोन ताणल्या जाणाऱ्या अंतरांमध्ये एक सौम्य दंडांक आणि एक रिकामी पेटी असते. तिच्यामुळे गुण जागा असेल तर त्याच ओळीत आणि नसेल तर पुढच्या ओळीच्या उजव्या टोकाला बसतात. आमची गुण ही कमांड त्याच रचनेची आहे.

बदल कसा उतरवला

व्याख्या सगळ्या एका वेगळ्या शैली-फाइलीत ठेवल्या आणि चारही प्रकरणे तिला जोडली. पहिले आणि चौथे प्रकरण शोध-बदलाने बहुतांशी सुटले. चौथ्यातली पेरलेली अंतरे सरसकट काढून टाकता आली, कारण त्यांचे काम आता व्याख्येत होत होते. तिसऱ्या प्रकरणातील हाताने टंकलेले क्रमांक मात्र एकेक वाचूनच यादीत आणावे लागले, कारण कोणता आकडा क्रमांक आहे आणि कोणता गणिताचा भाग, हे माणसालाच ठरवता येते. दुसऱ्या प्रकरणात चौकटी कंसातली लेबले काढताच उत्तरसूचीतील संदर्भ आपोआप सुधारले, आणि दोन ठिकाणी (इ) हे अक्षर दोनदा टंकले गेले होते, तेही तेव्हाच उघड झाले.

मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर संपादकांनी उपप्रश्नांची अक्षरे कंसात न ठेवता त्यांच्यापुढे टिंब द्यावे असे सुचवले, पण संदर्भात कंस कायम हवा होता. लेबल आणि रेफ या दोन वेगळ्या किल्ल्या असल्याने केवळ पहिलीत बदल करावा लागला, आणि शिक्षकांच्या फाइलींपैकी एकही उघडावी लागली नाही. सिद्धतेच्या पायऱ्यांबाबत एक मागणी अजून बाकी आहे: विधान आणि कारण हे दोन रकाने असलेल्या तक्त्यात पायऱ्यांचे क्रमांक हवे आहेत. तक्त्याच्या एका चौकटीत उघडलेली यादी त्याच चौकटीत बंद करावी लागते, त्यामुळे तिथे न्यूलिस्टचा उपयोग नाही. क्रमांक सिद्धतेच्याच काउंटरमधून घ्यायचा, पण तो तक्त्याच्या पहिल्या रकान्यात दर ओळीला पुढे सरकवायचा, अशी स्वतंत्र व्याख्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहायला घेतली आहे.